कोकणातल्या घरामागे बाहेरचं स्वयंपाकघर करायचंय, सल्ला हवा

आगरवाट
नमस्कार मंडळी. गावचं घर दापोली तालुक्यात आहे, हर्णैपासून थोडं आत, समुद्र तसा जवळच. जांभ्याचं जुनं कौलारू घर. आईबाबा कायम तिथेच असतात, मी पुण्यात, जमेल तसा जाऊन येऊन असतो. मागच्या दारातून विहिरीकडे जाताना परसात साधारण १४ बाय १० फुटांची मोकळी जागा आहे, सध्या तिथे तीन चिरे मांडून केलेली चूल आहे आणि पावसाळा लागला की तीही बंद. तर आता तिथे नीट बाहेरचं स्वयंपाकघर बांधायचं ठरवलंय. चूल, दोन बर्नरचा गॅस, सिंक, ओटा आणि वर छप्पर.

कामं काय होणार ते पण सांगतो म्हणजे अंदाज येईल. मासे साफ करणं आणि तळणं (घरात वास नको म्हणून), घावणे-आंबोळ्या, मे महिन्यात आंब्याचा रस आटवणं, फणसाचे गरे तळणं, आणि गणपती-शिमग्याला पंचवीस-तीस माणसांचा भात. आईचे गुडघे दुखतात त्यामुळे खाली बसून चूल नको, उभ्याने हवी.

व्हिडिओ बरेच बघितले पण ते सगळे बाहेरच्या देशातले, ग्रिल आणि फ्रीज आणि उघडी लाकडी कपाटं, आपल्याकडच्या पावसात ते एक सिझनही टिकणार नाही असं वाटतं. बजेट दोन-अडीच लाख. गवंडी दिवाळीनंतर येतो म्हणालाय. पैसे कशावर घालायचे आणि कशावर वाचवायचे?

नंदूकाका_रत्नागिरी
पैसे छपरावर आणि जमिनीच्या ढाळावर घाला, बाकी सगळं नंतर वाढवता येतं. मी बांधकामातला माणूस आहे म्हणून सांगतो, आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो सरळ पडत नाही, आडवा येतो. झड आत येणार हे धरूनच चाला. लोक १४ बाय १० चा ओटा करतात आणि छप्परही तेवढंच करतात, मग जून ते सप्टेंबर ओटा भिजत राहतो आणि चुलीत पाणी. छप्पर ओट्याच्या पुढे निदान तीन फूट गेलंच पाहिजे आणि पश्चिमेला चार गेलं तरी जास्त होणार नाही. पन्हळ लावा, नाहीतर पागोळ्यांचं पाणी खाली चर पाडतं आणि चिखल उडून ओट्याचा खालचा भाग कायम लाल.

खाली फरशी करताना दहा फुटाला दोन इंच ढाळ द्या, आणि ढाळ घराच्या विरुद्ध दिशेला. हे सांगावं लागू नये पण घराच्या जोत्याकडे ढाळ दिलेली कामं मी बघितलेली आहेत, भिंत वर्षभर ओल धरते. गुळगुळीत टाइल अजिबात नको, शहाबादी खडबडीत घ्या किंवा जांभ्याचीच फरशी, ओल्या पायाने आई चालणार आहेत.

पत्रा की कौल विचाराल तर चूल असेल तिथे कौल. धूर कौलांच्या फटीतून आपोआप जातो आणि त्याच धुराने वासे काळे पडून त्यांना कीड लागत नाही. पत्र्याखाली धूर कोंडतो आणि मे महिन्यात उभं राहवत नाही. पॉलीकार्बोनेट चुलीवर नकोच. पण कौल किंवा पत्रा काहीही घ्या, बांधून घ्या पक्कं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगड भागात काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. चारही बाजूंनी उघड्या मांडवाला वारा खालून उचलतो, भिंतीच्या घराला तसं होत नाही. त्यामुळे खांब काँक्रीटच्या पायात घट्ट, कैचीला पट्टी, आणि कडेच्या दोन ओळी कौलं तारेने बांधलेली.

सांजसकाळ
छान विषय. वाचतेय. आमच्याही मनात आहे.

गुरुजी_गुहागर
नंदूकाकांनी छप्पर सांगितलं, मी वाऱ्याबद्दल लिहितो कारण चुलीची जागा त्यावर ठरते. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ते इथे रोज कामाला येतं. दिवसा जमीन तापते आणि दुपारपासून संध्याकाळपर्यंत वारा समुद्राकडून म्हणजे पश्चिमेकडून येतो, तर रात्री उशिरा आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे. म्हणजे सकाळी घावणे घालताना धूर एका दिशेला आणि संध्याकाळी मासे तळताना बरोबर उलट. आता तुमचं परस घराच्या कोणत्या बाजूला आहे त्यावर बघा. परस पश्चिमेला असेल तर संध्याकाळचा सगळा धूर मागच्या दारातून माजघरात. पूर्वेला असेल तर सकाळचा. आणि पावसाळ्यात नैऋत्येचा जोर असतो तो वेगळाच.

त्यामुळे चूल कोपऱ्यात आणि नैऋत्येची बाजू चिऱ्याच्या भिंतीने पूर्ण बंद, वरपर्यंत. दुसरी बाजू कमरेएवढी. बाकी उघडं. चुलीचं तोंड वाऱ्यावर करू नका, ज्वाळा मागे ढकलल्या जातात आणि भांडं तापतच नाही, लाकूड मात्र दुप्पट जळतं. गवंडी यायच्या आधी एक दिवस तिथे सकाळी आणि संध्याकाळी थोडा पातेरा पेटवून धूर कुठे जातो ते बघा. फुकटात कळतं.

आगरवाट
नंदूकाका, गुरुजी, मनापासून धन्यवाद. परस पूर्वेला आहे, म्हणजे सकाळचा धूर घराकडे येणार. मग चूल मागच्या दारापासून लांबच्या कोपऱ्यात, बरोबर ना? आणि उभ्याची चूल नक्की किती उंच घ्यायची? गवंडी म्हणतो ओट्यावरच चूल ठेवू.

रेवती_कुडाळ
ओट्यावर चूल मुळीच ठेवू नका हो! ओटा असतो ३२-३३ इंच, त्यावर चूल ९-१० इंच, त्यावर टोप, म्हणजे आईंना टोपात काय शिजतंय ते दिसणार पण नाही आणि वाफ थेट तोंडावर. चुलीखालचा कट्टा २० इंच ठेवा, त्यावर चूल बांधली की तवा साधारण ३० इंचावर येतो, आणि घावण्यांना तेवढीच उंची पाहिजे. बिडाचा तवा जड असतो, पीठ लांबून ओतायचं असतं, तवा उंच झाला की खांदा भरून येतो. आईंना तिथे उभं करा, हातात उलथणं द्या, कोपर जिथे येतं त्याच्या जरा खाली तवा यायला हवा. पुस्तकातलं माप नको, त्यांचं माप घ्या.

दुसरी गोष्ट, कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. चुलीच्या तोंडापुढे दीड फूट तरी कट्टा मोकळा सोडा. लाकडं लांब असतात, निम्मी बाहेर असतात. बसक्या चुलीला ती जमिनीवर टेकतात, उभ्या चुलीला कट्टा संपला की पेटतं लाकूड जळत जळत हलकं होऊन मागे घसरतं आणि पायावर पडतं. कट्ट्याच्या कडेला दोन इंचाचा उंचवटा पण करून घ्या.

चूल वैलाची करा, म्हणजे मुख्य चुलीला जोडून दुसरं भांडं ठेवायला आणखी एक तोंड. पुढे भात आणि वैलावर आमटी नाहीतर पाणी, उरलेली धग फुकट जात नाही. आणि गणपतीतल्या मोठ्या भाताची चूल वेगळी, जमिनीलगत, तीन मोठे चिरे मांडून. ती रोजची नाही. तो टोप दोन माणसांनी उचलायचा असतो, तो २० इंचाच्या कट्ट्यावरून उतरवणं धोक्याचं आहे.

आगरवाट
रेवतीताई, हे दीड फुटाचं खरंच डोक्यातच नव्हतं. चूल कशाची बांधायची? गवंडी विटा आणि सिमेंट म्हणतो.

रेवती_कुडाळ
सिमेंटचा गिलावा आगीला तडकतो. आत भाजकी वीट, शक्यतो भट्टीची फायर ब्रिक मिळाली तर आतल्या अस्तराला, आणि सगळं मातीत बांधायचं, वारुळाची माती सगळ्यात चांगली, त्यात भाताचं तूस आणि शेण कालवून दोन-तीन दिवस कुजवत ठेवायची. हाताला चिकट पण बोटांना न लागता सुटणारी झाली की तयार. पातळ थर देत जा, एक सुकला की दुसरा, आणि सावलीत सुकू द्या, उन्हात घाई केली की भेगा. पहिले काही दिवस फक्त बारीक काटक्यांचा विस्तव. नंतर महिन्यातून एकदा सारवलं की झालं, आणि भेग पडली तर तिथल्या तिथे मातीने बुजवता येते, सिमेंटला ते जमत नाही.

नंदूकाका_रत्नागिरी
+१ रेवतीताई. आणि खाली कट्ट्याला जर काँक्रीटचा स्लॅब टाकणार असाल तर थेट त्याच्यावर विस्तव नको, काँक्रीट तापून त्याचे पापुद्रे उडतात. स्लॅबवर तीन-चार इंच वाळू, वाळूवर विटांचा थर, मग चूल. कट्ट्याच्या पोटात लाकडं ठेवायला कप्पा करा असं सगळे सुचवतील, तो करा पण फक्त त्या दिवसापुरत्या लाकडांसाठी.

माळावरचा
सोलापूरकडचा आहे, आमच्याकडे पाऊसच नाही त्यामुळे छपराचं काही बोलत नाही 🙂 पण धुराचं सांगतो. बाहेर आहे म्हणून धूर लागत नाही असं नसतं, भिंतीच्या कोपऱ्यात चूल असेल तर बाईच्या डोळ्यात धूर जातोच. चुलीला खाली जाळी टाकून हवा घ्या आणि धुराडं काढा. पुण्याची आरती म्हणून संस्था आहे, डॉ. आनंद कर्वे यांनी सुरू केलेली, त्यांनी सुधारित चुलींवर बरंच काम केलंय. धुराडं छपराच्या वर दोन-तीन फूट जायला पाहिजे आणि वर टोपी, नाहीतर पावसाचं पाणी थेट चुलीत. आणि नळ जिथून कौलांतून बाहेर पडतो तिथे वाशापासून लांब.

मोगरा७
एक विचारू का? आईंना विचारलंत का त्यांना काय हवंय? माझ्या सासरी (अलिबागकडे) दिरांनी मोठ्या हौसेने बाहेर स्वयंपाकघर केलं, ग्रॅनाइट, नळ, दिवे, सगळं देखणं. पण घरातून तिथे जायला दोन पायऱ्या उतरायच्या, मसाल्याचे डबे घरात, तेल घरात, मीठ घरात. सासूबाई दोन महिन्यांत परत आत गेल्या. बाहेर आता सायकली ठेवतात. बाईला दिवसातून किती वेळा आतबाहेर करावं लागेल ते आधी मोजायला हवं. तुम्ही चूल लांबच्या कोपऱ्यात नेताय ते धुरासाठी बरोबर आहे पण तयारीचा ओटा आणि मिसळणाचा डबा दाराजवळच पाहिजे.

आगरवाट
मोगराताई, काल फोनवर आईशी अर्धा तास हेच बोललो. तिने जे सांगितलं ते मी यादीत धरलंच नव्हतं. एक म्हणजे पायरी नको, मागच्या दाराचा उंबरा आणि बाहेरची फरशी जवळजवळ एका पातळीत हवी. दुसरं, तिला सिंक नकोय! म्हणाली सिंकमध्ये मोठा टोप बसत नाही, परात बसत नाही, मला मोरी दे, पण खाली वाकायला लागणार नाही अशी. तिसरं, नारळ खवायला बसायची जागा, विळी घेऊन खाली बसणं आता होत नाही. आणि चौथं, बाबा येऊन बसतील आणि कांदा-लसूण सोलून देतील असा कट्टा, चुलीपासून लांब, धूर लागणार नाही असा.

मोगरा७
बघा! अर्धा आराखडा त्यांनीच करून दिला.

रेवती_कुडाळ
उंच मोरी करा, म्हणजे एक फूट उंचीचा चौकोन, दोन बाय अडीच फुटांचा, कडेला चार इंचाचा काठ, त्याच्यावर नळ टोपाच्या उंचीपेक्षा वर. बाजूला १८ इंचाचा कट्टा. आई कट्ट्यावर बसून मोरीतलं भांडं घासू शकतात, मासे पण तिथेच. मासे साफ करायला मोरीपाशी एक काळ्या दगडाचा तुकडा बसवून घ्या. खवायला टेबलाला स्क्रूने लावायची खवणी मिळते ती ओट्याच्या कडेला लावा, पण मग ओट्याची कड तेवढी बाहेर काढलेली हवी, ते आधीच सांगून ठेवा.

पाणीवाला
मोरीच्या पाण्याचं काय करणार? विहीर जवळ आहे असं लिहिलंय म्हणून विचारतो. माशांचं पाणी, तेल, साबण हे विहिरीच्या आसपास मुरायला नको, निदान ५० फूट लांब न्या आणि विहिरीच्या उताराकडच्या बाजूला न्या. जांभ्यात पाणी भराभर मुरतं आणि फटींतून कुठेही निघतं, माती गाळते तसं जांभा गाळत नाही. मोरीच्या तोंडाशी खवले अडवायला बारीक जाळी, मग एक छोटी टाकी जिथे तेल वर तरंगून अडेल, आणि मग केळी आणि अळू. कर्दळही चालेल. टाकी महिन्याने साफ करायची, झाकण एका माणसाला उचलता येईल एवढंच ठेवा, नाहीतर कोणी करत नाही.

एजन्सीवाला
गॅस एजन्सीत बरीच वर्षं काम केलंय, थोडं सविस्तर लिहितो कारण बाहेरच्या किचनमध्ये लोक गॅसचं काहीही करतात.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, खाली जमिनीवर साठतो. त्यामुळे ओट्याखाली कपाट करून सिलिंडर बंद करू नका. करायचंच असेल तर तळाशी, अगदी फरशीला लागून, मोठी जाळी दोन बाजूंना. खड्ड्यात किंवा फरशीपेक्षा खालच्या पातळीत सिलिंडर नको. १४.२ किलोचा सिलिंडर उभाच ठेवायचा आणि शेगडी त्याच्यापेक्षा वरच्या पातळीत. घरातल्या सिलिंडरची रबरी नळी भिंतीला भोक पाडून बाहेर काढणं हा प्रकार फार चालतो, तो करू नका, भिंतीतली नळी कुठे झिजली ते दिसत नाही. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, तारेची सुरक्षा नळीच घ्या, तिच्यावर तारीख असते आणि पाच वर्षांनी बदलायची. बाहेर उंदीर आणि खारी कुरतडतात, म्हणून दर आठवड्याला हाताने चाचपून बघा, साबणाचं पाणी लावून बघा.

आणि वारा. बाहेर वाऱ्याने ज्योत विझते आणि गॅस चालू राहतो, भात शिजतोय असं समजून माणूस आत गेलेला असतो. शेगडीच्या मागे आणि वाऱ्याच्या बाजूला फूटभर उंचीची आड भिंत करा आणि ज्योत विझली की गॅस बंद होतो तसली शेगडी मिळत असेल तर तीच घ्या. चूल आणि सिलिंडर यांच्यात जेवढं अंतर देता येईल तेवढं द्या, तुमच्या जागेत चूल एका टोकाला आणि गॅस दुसऱ्या टोकाला दाराजवळ असं सहज बसतं. रात्री रेग्युलेटर बंद. गळतीसाठी १९०६ नंबर भिंतीवर रंगवून ठेवा.

माळावरचा
मला विचाराल तर गॅस बाहेर नकोच. आत आहे ना एक.

मोगरा७
पावसात ओली लाकडं पेटवत बसायचं का आईंनी? मासे तळायला गॅस लागतोच. मला एजन्सीवाल्यांचं पटलं, दाराजवळ गॅस.

माळावरचा
हं, लाकडं ओली होतात हे आमच्याकडे नाही, त्यामुळे मला सुचलं नाही. मान्य.

झारापकर
गुरं आहेत का घरी? असतील तर गोबर गॅसचा विचार करा, आमच्या सिंधुदुर्गात भगीरथ प्रतिष्ठानने घरोघरी केलेत. दोन घनमीटरच्या प्लांटला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागतं. शेगडी मात्र वेगळी लागते, सिलिंडरवाली तशीच जोडून चालत नाही.

आगरवाट
आता एकच गाय आहे, त्यामुळे नाही जमणार.

ह्यूस्टनकर
इथे अमेरिकेत आमच्या गल्लीत बऱ्याच घरांमागे असं बाहेरचं किचन आहे, आमचंही. ग्रिल तुमच्या कामाचं नाही हे बरोबर, पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. विस्तवाच्या दोन्ही बाजूंना रिकामा ओटा, एका बाजूला निदान दोन फूट, कारण गरम कढई घेऊन उभं राहायचं आणि ठेवायला जागा नाही ही वेळ तेल उकळत असताना येते. आणि बाहेरच्या प्रत्येक सॉकेटला करंट गळला की लगेच तोडणारं यंत्र इथे सक्तीचं आहे, तुम्हीही लावा. आमच्याकडेही समुद्राची हवा आहे, स्टीलचं फार बघून घ्या.

वायरमन_चिपळूण
आपल्याकडे त्याला आरसीसीबी म्हणतात, ३० मिलिअँपिअरचा घ्या, बाहेरच्या लाइनला स्वतंत्र. अर्थिंगचं टेस्टिंग उन्हाळ्यात करून घ्या, पावसाळ्यात जमीन ओली असते तेव्हा सगळंच चांगलं दिसतं, खरं कळतं एप्रिलमध्ये कातळ सुका असताना. सॉकेट झाकणाचे, मोरीपासून लांब, छातीच्या उंचीला. दिवा पिवळा लावा आणि चुलीच्या बरोबर वर लावू नका, बाजूला लावा, पांढऱ्या दिव्याला पहिल्या पावसात किडे एवढे येतात की झाकण काढता येत नाही.

ठाणे_ते_मुरुड
स्टीलबद्दल. बाजारात स्वस्त म्हणून २०२ ग्रेडचं देतात, समुद्राजवळ ते लवकर डाग धरतं. ३०४ बरं, पण खाऱ्या हवेत त्यावरही तांबूस ठिपके येतात, पुसत राहावं लागतं. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ते टिकतं, महाग आहे. लोहचुंबक लावून २०२ आणि ३०४ ओळखता येत नाही, दोन्हीला चिकटत नाही, त्यामुळे दुकानदार चुंबक दाखवेल त्यावर जाऊ नका, बिलावर ग्रेड लिहून घ्या. खरं तर तुम्ही मोरी करताय तर स्टील लागतंयच किती, बिजागऱ्या आणि स्क्रू तेवढे ३१६ चे घ्या. कपाटंच करू नका, उघडे चिऱ्याचे कप्पे ठेवा.

ओट्याला कडप्पा नको, तो चुनखडीचा दगड, कोकम आणि लिंबाने डाग पडतात. ग्रॅनाइट घ्या, आणि पुढच्या कडेला खालून पाणी तोडायची खाच पाडून घ्या म्हणजे पाणी कडेवरून खाली टपकेल, ओट्याखाली मागे वळणार नाही.

सांजसकाळ
लाकडं कुठे ठेवायची यावर कोणी लिहिलं नाही?

गुरुजी_गुहागर
बरं झालं आठवण केलीत. लाकडांची रास घराला आणि ओट्याला लागून नको, खाली फुरसं आणि विंचू बसतात, आणि पहाटे अंधारात हात आत घालणारी बाईच असते. जमिनीपासून फूटभर वर मांडणी, खालून झाडता येईल अशी, वर पत्रा. मेमध्येच पावसाळ्याची लाकडं भरून ठेवायची. ऐन, किंजळ चांगलं जळतं. काजूची टरफलं चुलीत घालू नका, त्यातल्या तेलाने कातडी भाजते आणि धूरही वाईट. नारळाच्या करवंट्या आणि सोडणं पेटवायला उत्तम. आणि माकडं येत असतील तर तेल-मीठ-पीठ काहीही बाहेर ठेवता येणार नाही, त्यासाठी मोगराताई म्हणतात तसा मिसळणाचा डबा दाराच्या आतल्या बाजूला कोनाड्यात.

आगरवाट
माकडं येतात, भरपूर. मग कोनाडा आतून-बाहेरून उघडेल असा करता येईल का, दाराशेजारच्या भिंतीत? म्हणजे आईला आत न जाता हात घालून घेता येईल.

नंदूकाका_रत्नागिरी
जुन्या चिऱ्याच्या भिंतीत आरपार कोनाडा करता येईल, पण वर दगडी किंवा आरसीसीचा लिंटल, म्हणजे वरच्या भिंतीचा भार घेणारी आडवी तुळई, टाकूनच. आधी लिंटलची जागा कोरून तो बसवा, मग खालचे चिरे काढा. उलटं करू देऊ नका, गवंडी घाई करतात. दोन फूट रुंद पुरे. दाराच्या चौकटीपासून किमान दीड फूट लांब.

आणि दिवाळीनंतर काम काढणार असाल तर चिरे आत्ताच सांगून ठेवा. पावसाळ्यात खाणी बंद असतात आणि त्यानंतर सगळे एकदम मागतात, मग भाव वाढतो आणि कच्चा, मऊ चिरा पदरी पडतो. चिरा घेताना दोन एकमेकांवर आपटून बघायचे, खणखणीत आवाज आला पाहिजे, आणि पांढऱ्या मातीचे डोळे असलेले बाजूला काढायला लावायचे.

आगरवाट
उद्या सकाळीच खाणवाल्याला फोन करतो काका. चुलीच्या कोपऱ्याच्या दोन भिंती, मोरी, कट्टा आणि कप्पे धरून चिरे किती लागतील त्याचा हिशोब तुम्हाला माप पाठवून विचारला तर चालेल ना?

नंदूकाका_रत्नागिरी
पाठवा. आईंच्या कोपराचं माप पण घ्या त्यात.